वेदी मोडणाऱ्याच्याच घरात शिर्क परतला तेव्हा…

कुरआन मजीदमध्ये बनी इस्राईलचा उल्लेख इतक्या वेळा का येतो, असा प्रश्न घरातली मुले कधी ना कधी विचारतातच. फिरऔनच्या तावडीतून सुटका, समुद्राचे दुभंगणे, वासराची पूजा, वाळवंटातील भटकंती या सगळ्याशी आपला काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. ज्या कौमला किताब मिळाली, ज्यांच्यात पैगंबर आले, ती कौमसुद्धा कशी घसरते, कशी शिक्षा भोगते आणि तौबा केल्यावर तिला कसे सावरले जाते, हे अल्लाह आपल्याला दाखवू इच्छितो. तो आपल्यासमोर धरलेला आरसा आहे, दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे निमित्त नाही.

या लेखात आम्ही त्याच कौमच्या इतिहासातील एक प्रसंग घेतला आहे. तो कुरआनमध्ये नावानिशी आलेला नाही, पण यहुदी आणि ख्रिस्ती घरांतून शतकानुशतके सांगितला जातो. बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचा ग्रंथ आहे. त्यातील सहा ते नऊ या अध्यायांत गिदोन नावाच्या माणसाची आणि त्याच्या घराण्याची हकीकत येते. अहले-किताबच्या अशा कथनांबाबत आपल्या उलमांनी घालून दिलेला नियम स्पष्ट आहे. जे कुरआन आणि सहीह हदीसशी जुळते ते मान्य, जे विरोधात जाते ते अमान्य, आणि बाकीचे ना खरे म्हणायचे ना खोटे ठरवायचे. या मर्यादेत राहून वाचले तर ही हकीकत प्रत्येक आईबापाला विचार करायला लावते.

ज्या पिढीला सांगितलेच गेले नाही

काळ साधारण इ.स.पू. १२०० ते १००० या दरम्यानचा. ह. मूसा (अ.) यांची वफात होऊन बराच काळ लोटला होता. बनी इस्राईल कनआनच्या डोंगराळ भागात वस्ती करून राहिले होते. याच सुमाराच्या, म्हणजे इ.स.पू. १२०८ च्या आसपासच्या, मिसरच्या फिरऔन मर्नेप्ताहच्या शिलालेखात ‘इस्राईल’ हे नाव आढळते. हा शिलालेख १८९६ मध्ये सापडला. बायबलच्या बाहेर या नावाचा मिळालेला हा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो.

‘शास्ते’ ग्रंथाच्या दुसऱ्याच अध्यायात या कौमच्या पडझडीचे कारण दिले आहे. ज्यांनी अल्लाहची मदत डोळ्यांनी पाहिली होती ते लोक गेले, आणि मागे अशी पिढी आली जिला ना आपल्या रबची ओळख होती ना त्याने केलेल्या उपकारांची. इथून एक चक्र सुरू होते आणि पुढे संपूर्ण ग्रंथभर फिरत राहते. लोक शिर्ककडे वळतात, शत्रू त्यांच्यावर चालून येतो, ते रडून अल्लाहचा धावा करतात, एखाद्या माणसाच्या हातून त्यांची सुटका होते. काही वर्षे शांततेत जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या पिढीवर कोणी जबरदस्ती केली नव्हती, कोणी तिला लालूच दाखवून धर्म सोडायला लावले नव्हते. फक्त घरात सांगणे थांबले होते. शिर्कला तेवढी फट पुरेशी झाली.

पावसाचा ‘मालक’

कनआनचे लोक बआलला पूजत. बआल या शब्दाचा अर्थच मुळी मालक किंवा धनी. ह. इलियास (अ.) यांनी आपल्या कौमला याच बआलवरून खडसावल्याचे सूरह अस्-साफ्फातमध्ये आले आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शमरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित हे प्राचीन शहर उजेडात आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवरून कळते की बआल हा वादळाचा आणि पावसाचा देव समजला जाई.

आता त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहू. मिसरमध्ये शेतीला नाईलचे पाणी होते. कनआनमध्ये मात्र सगळा भरवसा पावसावर. हिवाळ्यात पाऊस पडला तर गहू, नाहीतर उपासमार. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा, त्याचे शिवार हिरवेगार, आणि तो सांगतो की इथे पाऊस बआल देतो, त्याला थोडे वाहिले की काम होते. नव्याने शेती करू लागलेल्या इस्राईली माणसाने अल्लाहला नाकारले नाही. त्याने अल्लाहलाही ठेवले आणि ‘खबरदारी म्हणून’ बआललाही जोडले. सीनाच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद या ठिकाणी १९७५-७६ मध्ये उत्खनन झाले. तिथे सापडलेल्या इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमाराच्या लिखाणात इस्राईलच्या रबचे नाव आणि ‘अशेरा’ हे नाव एकत्र येते. अशेरा हे कनआनी देवीचे नाव. तिथे हा शब्द देवीसाठी आहे की तिच्या पूजेच्या खांबासाठी, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण भेसळ मात्र लपत नाही.

शिर्क बहुतेक वेळा असाच येतो. तो अल्लाहला सोडा असे म्हणत नाही, सोबत एक आणखी असू द्या एवढेच म्हणतो.

सुरुवात स्वतःच्या अंगणातून

गिदोनच्या काळात शिक्षा आली ती मिद्यानी टोळ्यांच्या रूपाने. हे मिद्यान म्हणजे कुरआनातील मदयन. ह. शुऐब (अ.) याच लोकांकडे पाठवले गेले होते आणि ह. मूसा (अ.) यांना मिसरमधून निघाल्यावर याच भूमीत आसरा मिळाला होता. सात वर्षे या टोळ्या उंटांवर बसून टोळधाडीसारख्या येत आणि उभे पीक, गुरेढोरे सगळे लुटून नेत. बनी इस्राईल डोंगरातल्या गुहांत लपून राहत. गिदोन तर द्राक्षांचा रस काढण्याच्या कुंडात लपून गहू झोडत होता, कारण उघड्या खळ्यावर धान्य दिसले की ते गेलेच समजायचे.

लोकांनी धावा केला तेव्हा लगेच सुटका आली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बायबल सांगते की आधी एक पैगंबर आला, त्याचे नाव दिलेले नाही. त्याने लोकांना त्यांचा अपराध समजावून सांगितला. दुःखाचे कारण कळल्याशिवाय दुःख हटले तर माणूस पुन्हा तिथेच जातो.

त्यानंतर फरिश्ता गिदोनकडे आला. गिदोन म्हणाला की माझे कुळ सर्वांत दुबळे आणि घरात मी सर्वांत लहान. तरी त्याला निवडण्यात आले, आणि पहिला हुकूम शत्रूवर चालून जाण्याचा नव्हता. पहिला हुकूम होता बापाच्या मालकीची बआलची वेदी मोडण्याचा आणि तिच्याजवळचा अशेराचा खांब तोडण्याचा. म्हणजे ज्या बआलपायी कौमवर संकट आले होते, त्याची वेदी सुटका करणाऱ्याच्याच अंगणात होती.

गिदोनने दहा नोकर बरोबर घेतले आणि घरच्यांच्या व गावकऱ्यांच्या भीतीने हे काम रात्री उरकले. सकाळी गाव गोळा झाले, मुलाला बाहेर काढा, त्याला मारून टाकू म्हणाले. तेव्हा बाप योवाश मुलाच्या बाजूने उभा राहिला. बआल खरोखर देव असेल तर त्याने आपला न्याय आपणच करून घ्यावा, तुम्ही त्याची वकिली कशाला करता, असा त्याचा सवाल होता.

हे वाचताना आपल्याला ह. इब्राहीम (अ.) आठवल्याशिवाय राहत नाहीत. सूरह अल्-अंबियामध्ये त्यांनी मूर्ती फोडून सर्वांत मोठी तेवढी शिल्लक ठेवली आणि लोकांना तिलाच विचारायला सांगितले. युक्तिवाद तोच. घर मात्र वेगळे. ह. इब्राहीम (अ.) यांच्या बापाने मुलाला दगडांनी मारण्याची धमकी दिली आणि घरातून निघून जायला सांगितले. इथे ज्याची वेदी मोडली गेली तोच बाप ढाल झाला. मुलगा सत्य बोलत असेल तर आपल्या वयाचा आणि मानाचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे त्या म्हाताऱ्याला जमले.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. गिदोनने मोडली ती स्वतःच्या घरची वेदी. दुसऱ्यांच्या श्रद्धास्थानांना हात लावण्याचा परवाना या कथेतून कोणी काढू नये. इतर लोक ज्यांची पूजा करतात त्यांना अपशब्द बोलू नका, असा स्पष्ट हुकूम सूरह अल्-अन्‌आममध्ये आहे. आपली झाडू आपल्या घरात चालवायची आहे.

तीनशे माणसे

मग लढाईची वेळ आली. गिदोनकडे ३२,००० माणसे जमली. जे घाबरतात त्यांनी परत जावे, असे सांगताच २२,००० निघून गेले. उरलेल्या १०,००० जणांना पाण्यावर नेण्यात आले. गुडघे टेकून पाणी पिणाऱ्यांना वगळले गेले, हाताने पाणी तोंडाशी नेणारे ३०० तेवढे ठेवले गेले. उद्देश असा की विजयानंतर कोणी आपल्या मनगटाची फुशारकी मारू नये. रात्री या तीनशेंनी शिंगे फुंकली, घागरी फोडल्या, आत लपवलेल्या मशाली उंच धरल्या. शत्रूच्या छावणीत गोंधळ उडाला आणि ते आपसांतच कापाकापी करू लागले.

आपल्या वाचकांना इथे तालूतची आठवण होईल. सूरह अल्-बकराहमध्ये तालूतच्या फौजेचीही नदीवर परीक्षा होते. ओंजळभर पाणी घेण्याची मुभा असते, पण बहुतेक जण पोटभर पितात. काही पाश्चात्त्य अभ्यासक यावरून दोन प्रसंगांची सरमिसळ झाल्याचे म्हणतात. आम्हाला त्यात अडचण दिसत नाही. अल्लाहची परीक्षा घेण्याची रीत एकाच कौममध्ये दोनदा दिसणे यात नवल ते काय? संख्याबळावर विजय अवलंबून नसतो, हा धडा दोन्हीकडे आहे. सहीह बुखारीत ह. बराअ (रजि.) यांच्याकडून रिवायत आहे की बद्रच्या साथीदारांची संख्या तालूतबरोबर नदी ओलांडणाऱ्यांइतकीच, म्हणजे तीनशे दहाच्या थोडी वर होती. हिजरी सन २ च्या रमजानमध्ये बद्रच्या मैदानावर हीच रीत पुन्हा दिसली.

ख्रिस्ती बांधव ही हकीकत कशी वाचतात

नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या अकराव्या अध्यायात इमानवाल्यांची यादी आहे. तिच्यात गिदोनचे नाव येते. दुबळा माणूस इमानाच्या बळावर सामर्थ्यवान होतो, याचे ते उदाहरण मानले जाते. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप अँब्रोज यांनी गिदोनच्या लोकरीच्या निशाणीवर लिहिले आहे. गिदोनने अल्लाहकडे निशाणी मागितली होती. एका रात्री दव फक्त लोकरीवर पडले, दुसऱ्या रात्री लोकर कोरडी राहून भोवतालची जमीन ओली झाली. कृपेचे दव आधी एका कौमपुरते होते आणि नंतर सर्व राष्ट्रांवर पडले, असा अर्थ अँब्रोज यांनी लावला. १८९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘गिडियन्स’ या संस्थेने आपले नाव याच माणसावरून घेतले. हॉटेलच्या खोल्यांत ठेवलेले बायबल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, ते याच संस्थेचे. तिच्या चिन्हात घागर आणि ज्योत आहे.

ख्रिस्ती विचारात या ग्रंथाचे सार साधारण असे मांडले जाते. प्रत्येक सुटका करणारा अपुरा पडला. तो मेला की लोक पुन्हा बिघडले, आणि कधी कधी तो स्वतःच घसरला. म्हणून माणसाला अशा एका परिपूर्ण मुक्तिदात्याची गरज होती, जो शत्रूपासून नव्हे तर पापापासूनच सोडवील. तो मुक्तिदाता म्हणजे येशू, अशी त्यांची श्रद्धा आहे.

इथे आपली वाट वेगळी होते आणि ती आदराने सांगता येते. ह. ईसा (अ.) हे अल्लाहचे महान पैगंबर आणि मसीह आहेत, त्यांच्यावर इमान आणल्याशिवाय मुसलमान मुसलमान होत नाही. पण पापमुक्ती कोणा दुसऱ्याच्या बलिदानाने नव्हे, तर बंद्याच्या तौबेने आणि अल्लाहच्या रहमतीने होते, असे इस्लाम सांगतो. निदानाबाबत मात्र आपण बरेच जवळ आहोत. माणूस विसरतो, सुटका करणाऱ्या माणसावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही, आणि शिर्क बाहेरच्या शत्रूपेक्षा घातक असतो, हे दोघांनाही मान्य आहे.

कानातल्या सोन्याचे काय झाले

विजयानंतर लोक गिदोनला म्हणाले की तू, तुझा मुलगा आणि नातू आमच्यावर राज्य करा. त्याने नकार दिला. राज्य अल्लाहचे, माझे नाही, हे त्याचे उत्तर. कथा इथे संपली असती तर फार सुंदर झाली असती.

पण त्याने एकच मागणी केली, लुटीतल्या कानातल्या कड्या. लोकांनी चादर पसरली आणि आनंदाने सोने टाकले. ते १,७०० शेकेल भरले, आजच्या हिशेबाने सुमारे १९ किलो. त्याचा त्याने एफोद बनवला आणि आपल्या अफ्रा गावात ठेवला. एफोद हे मुळात धर्मगुरूंचे वस्त्र. हेतू वाईट होता असे बायबल म्हणत नाही. विजयाची आठवण राहावी, लोकांनी अल्लाहची मर्जी जाणून घ्यावी, असेच काही मनात असेल. पण पाहता पाहता सारे इस्राईल त्या एफोदच्या नादी लागले आणि तो गिदोनला व त्याच्या घराण्याला फास ठरला.

सोन्याच्या दागिन्यांनी या कौमला आधीही फसवले होते. सामिरीने वासरू केले ते दागिन्यांचेच, हे सूरह ताहामध्ये आले आहे. फरक एवढाच की तिथे बिघडवणारा सामिरी होता, इथे वेदी मोडणारा हात होता.

पुढचा भाग आणखी जड आहे. गिदोन हयात असेपर्यंत, ४० वर्षे, देशात शांतता होती. तो गेला आणि लोक पुन्हा बआलकडे वळले. त्याला ७० मुलगे होते. शखेममधल्या बाईपासून झालेला अबीमलेख नावाचा आणखी एक मुलगा होता. त्याने बआलच्या देवळातून ७० चांदीची नाणी घेतली, गुंड पोसले आणि भावांना एकाच दगडावर कापून काढले. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. ज्याने बापाची बआलची वेदी मोडली, त्याचा वंश बआलच्याच पैशाने बुडाला.

आठवण आणि इबादत

हे एका रात्रीत कसे होते? ते एका रात्रीत होत नाही. ह. नूह (अ.) यांच्या कौमच्या मूर्तींची नावे कुरआनमध्ये आली आहेत, वद्द, सुवाअ, यगूस, यऊक आणि नस्र. सहीह बुखारीत ह. इब्ने अब्बास (रजि.) यांचे स्पष्टीकरण आहे की ही त्या कौममधील नेक माणसांची नावे होती. ती माणसे गेल्यावर लोकांनी त्यांच्या बैठकीच्या जागी स्मारके उभारली. उभारणाऱ्यांनी पूजा केली नाही. ते लोक गेले, ज्ञान विसरले गेले, आणि पुढच्या पिढीने हात जोडले.

म्हणून ह. उमर (रजि.) यांनी हजरे-अस्वदचे चुंबन घेताना मोठ्याने बजावले की तू एक दगड आहेस, तू ना नफा देऊ शकतोस ना नुकसान. प्रेषित (स.) यांना चुंबन घेताना पाहिले नसते तर मीही घेतले नसते. ऐकणाऱ्यांना आणि पुढे येणाऱ्यांना कळावे म्हणून ते उघड बोलले. गिदोनने एफोद ठेवला, पण अशी ताकीद दिल्याचे कुठे दिसत नाही.

आपल्या घरांकडे पाहिले तर? बुजुर्गांची कदर ही चांगली गोष्ट. पण मुलगी परीक्षेला निघाली की तिच्या मनगटावर मंतरलेला दोरा, दुकान चालत नाही म्हणून कोणा बाबाकडून आणलेले पाणी, आजारपणात दुआ आणि औषधापेक्षा कुठल्या तरी चौकटीवरचा विश्वास, याला आपण ‘खबरदारी म्हणून’ असेच म्हणतो ना? कनआनचा शेतकरीही तेच म्हणत होता. आईने श्रद्धेने केलेल्या गोष्टीत मुलगी पुढे कोणाला मालक समजेल, हा खरा प्रश्न आहे.

याच कौमचे एक उजळ उदाहरण आपल्या कोकणात आहे. बेने इस्राईल समाज शेकडो वर्षे अलिबाग-पेणच्या परिसरात तेल गाळत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की ग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली गेली होती, तरी रब एकच असल्याची ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना, खतना आणि शनिवारची विश्रांती त्यांनी सोडली नाही. सोने नव्हते, राज्य नव्हते, पण आईबापांनी सांगणे थांबवले नाही.

सूरह अल्-बकराहमध्ये ह. याकूब (अ.) यांच्या अखेरच्या क्षणांचे वर्णन आहे. इस्राईल हे त्यांचेच नाव. मरणाच्या उंबरठ्यावर त्यांनी मुलांना जमीनजुमल्याचे विचारले नाही. माझ्यामागे तुम्ही कोणाची इबादत कराल, एवढेच विचारले, आणि मुलांनी एका अल्लाहचे नाव घेतले. हा प्रश्न आपण मरणापर्यंत लांबणीवर टाकू नये. आज रात्री दस्तरखानावर, मुले समोर असताना, सहज विचारावा. उत्तर अडखळत आले तर रागवू नये, त्याच रात्रीपासून सांगायला बसावे.

अल्लाह आपल्या घरांना शिर्कच्या प्रत्येक रूपापासून वाचवो आणि आपल्या मुलाबाळांना तौहीदवर कायम ठेवो. आमीन.